अर्धं उत्पन्न शालिनीबायचं

स्त्री-पुरुष समतेच्या बाबतीत गोवा हे भारतातलं सर्वांत पुढारलेलं राज्य आहे. इथे लग्न नोंदलं की नवऱ्याचं जे काही असेल त्यातलं अर्धं बायकोचं होतं आणि बायकोचं जे असेल त्यातलं अर्धं नवऱ्याचं. त्यासाठी कोणाला मोर्चा काढावा लागला नाही की उपोषणाला बसावं लागलं नाही. पोर्तुगीज जाताना आपला नागरी कायदा इथेच विसरून गेले आणि आपण तो ठेवून घेतला. दिल्लीहून येणारे पाहुणे पणजीच्या सभागृहांत या कायद्याचं तोंड भरून कौतुक करतात, पुढच्या रांगेतले लोक टाळ्या वाजवतात, आणि चहापानाच्या वेळी त्यांच्या बायका बशा गोळा करतात.

या समतेची आणि माझी ओळख गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारापासूनची. दर वर्षी जुलै महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती नवऱ्याच्या मागोमाग माझ्या डिचोलीच्या कचेरीत येई, दाराजवळच्या कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, बसे, मी बोट ठेवीन तिथे सही करी, आणि चहा येण्याआधीच परतीची बस चुकेल म्हणून उठे. पुढे सहीची गरजही संपली. आता मोबाइलवर सहा आकडे येतात, ते टाकले की झालं. मोबाइल नवऱ्याचा असतो.

माझा धंदा लोकांची आयकर विवरणं भरून देण्याचा. मी वकील नाही. हे मी पहिली काही वर्षं प्रत्येकाला सांगत असे. पण डिचोली-पेडण्याच्या लोकांना काळा कोट नसलेला वकील चालतो; फी कमी असते. त्यामुळे मी ‘वकीलबाब’ झालो आणि राहिलो. त्या वेळी आमच्याकडे भाषेचा वाद पेटलेला होता. माझ्या कचेरीत एका बाजूला मराठीवाले बसत, दुसऱ्या बाजूला कोकणीवाले, आणि दोघंही आपापलं म्हणणं एकाच पेडणेकरी बोलीत मांडत. त्यांच्या घरादाराची वाटणी ठरवणारा कायदा पोर्तुगीजमध्ये होता आणि त्यांचा कर ठरवणारा फॉर्म इंग्रजीत. त्याबद्दल मात्र कोणाचीच तक्रार नव्हती.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं समजावून सांगतो. नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, तर मग उत्पन्न कोणाचं? यावर आयकर खातं आणि गोवेकर बरीच वर्षं कोर्टात भांडत होते. शेवटी दिल्लीने आयकर कायद्यात एक खास कलम घातलं. कलम पाच-ए. त्याचा अर्थ असा: पगार ज्याचा त्याचा. बाकीचं सगळं, म्हणजे घरभाडं, धंदा, व्याज, विक्रीचा नफा, दोघांत समान वाटायचं. अर्धं नवऱ्याच्या विवरणात, अर्धं बायकोच्या. पैसे प्रत्यक्षात कोणाच्या खात्यात आले, कोणाच्या खिशात गेले, हे बघायचं नाही.

कलम आलं तेव्हा आमच्याकडे आनंदाचं वातावरण होतं. एका माणसाच्या डोक्यावर दहा रुपयांचा बोजा असला तर त्याला जास्त दराने कर पडतो. पाच-पाच करून दोन डोक्यांवर ठेवला तर कमी पडतो. कधी नव्हे ते आमच्या पुरुषांना घरात दुसरं डोकं असल्याचं जाणवलं. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले कोल्हापूरचे एक फॅब्रिकेशनवाले तर माझ्याकडे येऊन बसले. “साहेब, आम्हालाबी ते गोव्याचं अर्धं लावा की.”

मी म्हटलं, “तुमचं लग्न कागल तालुक्यातलं. तुम्हाला हा कायदा लागू नाही.”

“आन् लावून घ्यायचा म्हटलं तर?”

“मग गावाकडच्या शेतीतही बायकोचा निम्मा हिस्सा धरावा लागेल.”

त्यांनी थोडा विचार केला. “नको. एवढा कर बसतोय तो बसू दे,” म्हणाले आणि रीतसर भरून गेले. समतेबद्दल इतकं प्रामाणिक मत मी एकाही व्यासपीठावरून ऐकलेलं नाही.

आता दत्ताराम आणि शालिनीबाय.

दत्ताराम पेडण्याचा, टॅक्सीचा धंदा. शालिनीबाय त्याची बायको, गावच्या अंगणवाडीत सेविका. तिचं माहेर केरीचं, तेरेखोलच्या फेरीबोटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. दोघांची विवरणं मी वर्षानुवर्षं भरत होतो. टॅक्सीचं उत्पन्न अर्धं-अर्धं करायचं, कर काहीच येत नसे, आणि दत्ताराम जाताना दर वेळी “बरां जालां” म्हणे, जणू मीच तो माफ केला आहे.

मग मोप्याला विमानतळ आला. दत्तारामच्या बापजाद्यांचं काजीचं भाट, म्हणजे काजूची बाग, ज्यात वर्षातून दोन महिने बोंडू वेचण्यापलीकडे कोणी फिरकत नसे, त्याला एकाएकी भाव आला. विकलं. गावातली शेतजमीन होती, विक्रीवर कर नव्हता. त्या विक्रीची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गोव्यात बायकोच्या संमतीशिवाय स्थावर मिळकत विकता येत नाही. पेडण्याच्या उपनिबंधकाने शालिनीबायला समोर बसवलं आणि विचारलं, तुमची संमती आहे का. तिने हो म्हटलं, सही केली, अंगठा उठवला, फोटो काढून घेतला. पैसे दत्तारामच्या खात्यात जमा झाले, कारण खातं त्याचंच होतं.

त्या सुमारास म्हापशाच्या एका हॉटेलात गुंतवणुकीवर भाषण आणि नंतर फुकट जेवण असा कार्यक्रम झाला. दत्ताराम जेवायला गेला आणि गुंतवणूक करून आला. मुंबईहून आलेल्या टायवाल्या तरुणाने पडद्यावर बेंगळूरुची एक काचेची इमारत दाखवली आणि सांगितलं, आजपासून तुम्ही हिचे मालक. त्या वस्तूचं नाव रीट. सरकारी मराठीत तिला स्थावर मालमत्ता गुंतवणूक न्यास म्हणतात. ते नाव उच्चारून होईपर्यंत भाव खाली-वर होतो.

वस्तू वाईट नाही, हे मी आधीच सांगतो. मोठमोठ्या कचेऱ्यांच्या इमारती एका न्यासाच्या ताब्यात असतात. न्यास आपले लहान लहान तुकडे, म्हणजे युनिटं, शेअरबाजारात विकतो. इमारतीचं भाडं येतं, त्यातला बहुतेक भाग न्यासाला वाटूनच टाकावा लागतो, आणि दर तीन महिन्यांनी तो तुमच्या खात्यात पडतो. सरकारने सोय अशी केली की त्या पैशांवर न्यासाने कर भरायचा नाही, युनिटवाल्याने भरायचा. पाइपावर कर नाही, नळाखाली ज्याची बादली त्याच्यावर कर.

अडचण एवढीच की बेंगळूरुहून भाडं म्हणून निघालेला पैसा पेडण्याला पोचेपर्यंत भाडं राहत नाही. इमारत असते एका कंपनीची, कंपनी असते न्यासाची, आणि न्यासाने त्या कंपनीला कर्जही दिलेलं असतं. त्यामुळे तो पैसा तीन वेगवेगळे सदरे घालून येतो. थोडा व्याज म्हणून, त्यावर कर. थोडा लाभांश म्हणून. त्यावर कधी कर असतो, कधी नसतो, ते त्या कंपनीने कुठला दर पत्करला आहे त्यावर. आणि थोडा कर्जाची परतफेड म्हणून. त्यावर आज कर नाही, पण तेवढी तुमची खरेदीची किंमत कमी धरली जाते. म्हणजे युनिट विकाल त्या दिवशी नफा फुगलेला दिसेल आणि आज सुटलेला कर तेव्हा गाठेल.

हे मी दत्तारामला समजावून सांगत होतो तेव्हा शालिनीबायही बसली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तां सगळां खरां, वकीलबाब. पण भाड्यातसून दुरुस्तीचे तीस टक्के वजा करतत ते माका माहीत आसत. ते करा.”

“ते घरभाड्याला. हे आता भाडं नाही.”

“मगे काय आसा?”

“व्याज.”

“बिल्डिंग व्याज दिता?” त्याने बायकोकडे पाहिलं. “बघ गो, आमची बिल्डिंग व्याजाचो धंदो करता.”

पुढे भाच्याच्या लग्नाला दोघं बेंगळूरुला गेली तेव्हा रिक्षा करून ती इमारत बघायला गेली. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, कोणाला भेटायचं आहे? दत्ताराम म्हणाला, कोणाला नाही, आम्ही मालक. रखवालदार भला माणूस. त्याने दोघांचा फाटकाबाहेर उभं करून फोटो काढून दिला. शालिनीबायने मला तो दाखवला. “आमच्या भाटात कोणय शिरा होतो, गुरां पण शिरा होती,” ती म्हणाली. “आनी ह्या बिल्डिंगीत आमकाच सोडनत नाय.”

ती हसत होती. मी मात्र तेव्हाच मनात चरफडलो. भाट होतं तोवर तिच्या सहीशिवाय त्यातलं एक झाड हलत नव्हतं. भाट विकून त्याची युनिटं झाली आणि ती ज्या खात्यात ठेवतात ते डिमॅट खातं एकट्या दत्तारामच्या नावावर. कायद्याने युनिटंही दोघांचीच. पण त्या जुन्या कायद्याची रीत अशी की मालकी दोघांची आणि कारभार नवऱ्याचा. बायकोला विचारायचं ते फक्त जमीन आणि घर विकताना. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या काळात संपत्ती म्हणजे जमीन आणि घरच होतं. आता संपत्ती टॅक्सीच्या डॅशबोर्डवरच्या फोनमध्ये असते. तो कायदा देशाला आदर्श म्हणून दाखवणाऱ्या एकाही वक्त्याला इतक्या वर्षांत हे सुचलेलं नाही.

दोन-तीन वर्षं बरी गेली. मग दत्ताराम माझ्याकडे यायचा बंद झाला. टायवाल्या तरुणाने त्याला फोनवरून स्वतःच विवरण भरायला शिकवलं होतं. आणि मग तो निवडणुकीला उभा राहिला.

जिल्हा पंचायतीची निवडणूक. पेडण्यापासून केरीपर्यंत त्याचे फलक लागले. हात जोडलेला दत्ताराम, आणि खाली तीन आश्वासनं: रस्ते, पाणी, महिला सक्षमीकरण. फलकांना पैसे लागतात, गाड्यांना लागतात, रोज दुपारी जेवायला येणाऱ्या कार्यकर्त्यांना त्याहून जास्त लागतात. युनिटांचा भाव त्या वेळी चांगला चढलेला होता. टॅक्सी स्टँडवर बसून, अंगठ्याने, त्याने ती सगळी विकली. संमती आहे का, हे शालिनीबायला कोणी विचारलं नाही. तिला कळलंच नाही. निवडणुकीत तो पडला, तेही अनामत घालवून.

जुलैमध्ये त्याने फोनवरून विवरण भरलं. गोव्याच्या लोकांसाठी त्यात एक वेगळा तक्ता असतो. त्यात बायकोचा पॅन नंबर टाकायचा आणि कुठलं उत्पन्न अर्धं तिच्याकडे जातं ते दाखवायचं. दत्तारामने तो नीट भरला. विक्रीचा नफा मोठा होता, परतफेडीने आणखी फुगलेला. त्यातला अर्धा त्याने बायकोच्या नावावर लिहिला, उरलेल्या अर्ध्यावरचा कर भरला, आणि अर्धा कर वाचला म्हणून स्टँडवर सगळ्यांना चहा पाजला. ही चूक जगात फक्त गोव्याचा नवराच करू शकतो. तिकडे अर्धं लिहिलं की ते तिच्या विवरणात यावं लागतं, त्यावर कर तिने भरावा लागतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. बायकोच्या नावावर लिहिलेला पैसा म्हणजे त्याच्या दृष्टीने नाहीसा झालेला पैसा.

खात्याच्या संगणकाच्या दृष्टीने तो नाहीसा झालेला नव्हता. नोटिसा आल्या. त्या ईमेलवर आल्या, ईमेल दत्तारामचा, त्याने जाहिराती समजून सोडून दिल्या. शेवटी मागणीचा कागद पोस्टाने घरी आला आणि तो घेऊन शालिनीबाय माझ्याकडे आली. एकटी. पेडणे ते म्हापसा, म्हापसा ते डिचोली, दोन बसा बदलून. इतक्या वर्षांत ती नवऱ्याशिवाय प्रथमच आली होती आणि प्रथमच दाराजवळ न बसता मेजासमोर बसली.

मी कागद वाचला. कर, त्यावर व्याज. तिला सांगितलं, “युनिटं विकली गेलीत. नफ्यातलं अर्धं उत्पन्न तुमचं धरलंय.”

“माझां?” ती म्हणाली. “मगे तां आसा खंय?”

मी निवडणुकीच्या फलकांचं बोललो.

तिने कागद आपल्याकडे ओढून त्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, “माका एक सांगा. इतके पैसे माझे म्हणान सरकाराक कोणी सांगलां?”

“तुमच्या घोवाने, दत्तारामने.”

“आनी ते माका दिल्यान काय नाय, तां सरकारान इचारूक नाय?”

“ते विचारायला फॉर्मात जागा नाही.”

“अंगणवाडीत दोन पोरांमदी एक लाडू आसलो तर मी आदी मोडतंय,” ती म्हणाली. “मोडतंय आनी दोगांच्या हातात दितंय. एकाच्याच हातात दिवन ‘अर्दो तेचो’ म्हणान वहीत लिवलां, तर दुसरां रडतलां मां?”

तिच्याजवळ एक मुदत ठेव होती. अंगणवाडीच्या मानधनातून, म्हणजे ज्याला सरकार पगार म्हणायलाही तयार नाही अशा पैशांतून, साठवलेली. मुलगी बेळगावला नर्सिंग शिकत होती, तिच्या शेवटच्या वर्षासाठी. मागणीची रक्कम भागवायची तर ती ठेव जवळजवळ पूर्ण मोडावी लागणार होती.

मी उत्तर लिहिलं. पूर्वी म्हापशाला किंवा पणजीला जाऊन अधिकाऱ्यासमोर बसता येत असे. अधिकारी चांगला असो वा वाईट, त्याला तोंड असे आणि ते वेडंवाकडं झालेलं आपल्याला दिसे. आता सगळं बिनचेहऱ्याचं आहे, आणि ही सुधारणा आहे असं मानण्याची पद्धत आहे. मी लिहिलं की या बाईला यातला एक पैसाही मिळालेला नाही. काही दिवसांनी उत्तर आलं की उत्पन्नाची विभागणी कायद्याने होते, पैसे प्रत्यक्ष मिळण्याशी तिचा संबंध नाही, मागणी कायम. उत्तर अगदी बरोबर होतं. माझा संताप त्याचाच होता. चूक असती तर अपील केलं असतं. सबंध यंत्रणेत शालिनीबायचं अर्धं ठामपणे, एक पैसाही इकडे-तिकडे न करता मान्य करणारं एकच खातं निघालं, आणि ते तिच्याकडून वसूल करणारं होतं. तिला ते अर्धं मिळवून देणारं खातं अस्तित्वात नाही. त्यासाठी तिने दिवाणी कोर्टात नवऱ्याविरुद्ध जायचं, मालमत्ता वेगळी करून मागायची, वकील लावायचा. काळ्या कोटाचा.

दत्तारामला मी बोलावून घेतलं. तो आला, पंख्याखाली बसला, घाम पुसला. वाईट माणूस नव्हे. कोणाला दुखापत झाली तर रात्री-अपरात्री टॅक्सी काढून पैसे न घेता पोचवणारा.

“वकीलबाब, घरातली गजाल ही,” तो म्हणाला. “आमी काय घरात टेप घेवन बसतंव? माझां तां तिचां, तिचां तां माझां.”

“मग या नोटिशीचे पैसे कोणी भरायचे?”

त्याने कागद हातात घेऊन नाव वाचलं. “नोटीस तिच्या नावार इली मां?”

काही उत्तरं इतकी परिपूर्ण असतात की त्यांवर चर्चा होत नाही.

व्याज महिन्यागणिक वाढत होतं. मी शालिनीबायला तसं कळवलं. ती म्हणाली, थांबा जरा, ठेव मोडूक माझो हात वळना नाय. मग एके दिवशी तिचा फोन आला. बापाच्या केरीच्या जागेची वाटणी होऊन तिच्या वाट्याला माडांची एक पट्टी आली होती, तीही गावातली शेतजमीन, विक्रीवर कर नसलेली. गोव्यात मुलीला भावाइतकाच वाटा मिळतो, याबद्दलही भाषणं होतात. किनारा जवळ, दिल्लीचं गिऱ्हाईक तयार, आणि ते गिऱ्हाईक दत्तारामनेच आणलेलं. निवडणुकीची देणी फेडायची होती.

“जागा माझ्या बापाशीची,” ती म्हणाली, “पण कायद्यान ती पण अर्दी तेची मां?”

“कायद्याने हो. अर्धी त्याची.”

“आनी माझ्या सहीबगर ती विकूक गावता?”

“नाही.”

“बरां,” ती म्हणाली. “तुमी साक्षीदार म्हणान येवा.”

पेडण्याच्या उपनिबंधक कचेरीत मी वेळेवर पोचलो. गिऱ्हाइकाचा वकील होता, दलाल होता, इस्त्रीचा शर्ट घातलेला दत्ताराम होता. शालिनीबाय अंगणवाडीच्या साडीतच आली होती, अर्धी रजा टाकून. तिच्याकडे पिशवी होती आणि पिशवीत तिचं स्वतःचं नवीन पासबुक. कागद पुढे सरकवला गेला. वकील गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, बस यहाँ एक साइन.”

“बँकेचे ड्राफ्ट किती आसत?” तिने विचारलं.

दलाल पुढे झाला. “एकच गो बाय. एकच बरो पडता. बँकेत दोनदा हेलपाटे कित्याक?”

“हेलपाट्यांची माका सवय आसा. दोन करा. अर्दो तेच्या नावान, अर्दो माझ्या.”

दत्ताराम मान खाली घालून हसला, लोकांसमोर बायको काहीतरी बोलली की पुरुष हसतात तसा. “अगो, घरात बघूया मां तां.”

“घरात बघून जालां,” ती म्हणाली. “आनी आदी तां इन्कम टॅक्साचां भर. माझ्या नावार लिवलंस तितक्यां, व्याजासकट. आता, फोनार. भरलंय म्हणान वकीलबाब सांगतले, मगे मी सही करतंय.”

“माझ्याकडे आता खंयचे पैसे?”

“तां तू बघ. भरल्याबगर माझी सही नाय,” ती म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

गिऱ्हाइकाच्या वकिलाला गोव्याची समता प्रत्यक्ष काम करताना बघण्याची ही पहिलीच वेळ असावी. तो मला बाजूला घेऊन विचारू लागला की पतीच्या एकट्याच्या सहीने काम भागणार नाही का. मी म्हटलं, नाही. त्याने दलालाकडे पाहिलं, दलालाने दत्तारामकडे. दत्ताराम व्हरांड्यात गेला. फोनवर बराच वेळ बोलणं चाललं. पैसे त्याने दलालाकडूनच उसने घेतले, आपल्या ड्राफ्टच्या भरवशावर. मी उभा राहून तिच्या पॅन नंबरवर मागणी भरून घेतली. दत्ताराम फोनमध्ये बघत मला म्हणाला, “हां सगळां तुमी शिकयलां तिका.”

“मी फक्त साक्षीदार,” मी म्हटलं.

नवीन ड्राफ्ट बनवून यायला दुपार झाली. तोवर ती त्याच बाकावर बसून राहिली, डब्यातली भाजी-पोळी खाल्ली, आणि दत्तारामलाही दिली. मग सही केली.

हे वाचून कोणाला हा विजय वाटेल. मला वाटत नाही. भाटाचे पैसे गेले ते गेले. त्यातलं तिचं अर्धं फलकांच्या कापडात गेलं, आणि ते कापड आता पेडण्यात लोकांनी लाकडं झाकायला नेलंय. बापाच्या माडांच्या पट्टीतलं अर्धं तिने नवऱ्याला रीतसर दिलं. ठेव वाचली आणि मुलीचं शेवटचं वर्ष झालं, एवढंच. तेही तिच्या बापाकडे जमीन होती आणि जमिनीला सही लागते म्हणून. ज्या बायकांच्या घरी सगळं फोनमध्ये आहे, त्यांना कुठल्या बाकावर बसायला सांगायचं हे मला माहीत नाही. रीटच्या युनिटाला, शेअरला, फंडाला गोव्यात बायकोची संमती घ्या, एवढं एक वाक्य कायद्यात घालायला काय लागतं? मी हे दोनदा लिहून पाठवलं. पहिल्यांदा पोच आली. दुसऱ्यांदा एका परिसंवादाचं आमंत्रण आलं, विषय गोव्याच्या कायद्याचा आदर्श. मी गेलो नाही.

आपल्या अर्ध्या रकमेची शालिनीबायने पेडण्याच्या बँकेत मुदत ठेव केली. पुढच्या जुलैत दोघंही पुन्हा माझ्याकडे आली. फोनवर विवरण भरताना दत्ताराम अडला होता.

“वकीलबाब, ह्यां काय?” त्याने फोन माझ्यासमोर धरला. “ठेव तिची. व्याज तिच्या खात्यात. पासबुक तिच्या ट्रंकेत, ट्रंकेची चावी तिच्या कमरेक. माका त्यातलो एक रुपयो दिसूक नाय. आनी अर्दां व्याज माझां उत्पन्न म्हणान दाखयता?”

“कलम पाच-ए,” मी म्हटलं.

“जां माका गावूकच नाय तेच्यार मी टॅक्स भरू? ह्यो खंयचो न्याय?”

तो बराच वेळ बोलला. सरकारवर बोलला, दिल्लीवर बोलला, पोर्तुगिजांवरही बोलला. इतक्या वर्षांत या कलमाविरुद्ध माझ्या कचेरीत कोणी इतकं मुद्देसूद बोललेलं नव्हतं आणि त्याचा एकही मुद्दा खोडण्यासारखा नव्हता. शालिनीबाय चहा पीत ऐकत होती. परतीच्या बसचं तिने विचारलं नाही.

तो थांबल्यावर मी आकडे मांडले. टॅक्सीचं अर्धं, व्याजाचं अर्धं, सगळं मिळून दत्तारामचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या बरंच खाली होतं. त्याला भरावा लागणारा कर शून्य रुपये निघाला.